प्रादेशिक मानवी हक्क न्यायालयांचे निकाल देशांच्या कायद्यात कसे उतरतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानवी हक्क न्यायालयाचा निकाल लागला की बातमी येते: अमुक देश दोषी, तमुक रक्कम भरपाई. मग विषय मिटतो. खरं तर निकालाचा प्रवास तिथून सुरू होतो. तो संसदेत जातो, देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जातो, कधी शेजारच्या देशात जातो, आणि बऱ्याचदा वाटेत अडतोही. या प्रवासाबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे आहेत.

अशी न्यायालयं नेमकी कोणती?

तीन. सर्वांत जुनं युरोपीय मानवी हक्क न्यायालय. ते फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला 1959 पासून आहे. त्याचा पाया म्हणजे 1950 मध्ये रोमला सह्या झालेला युरोपीय मानवी हक्क करार. दुसरं आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालय, कोस्टा रिकाच्या सान होसे शहरात, 1979 पासून. तिसरं आफ्रिकी मानव व लोकाधिकार न्यायालय, टांझानियातल्या अरुशाला. त्याच्या स्थापनेचा करार 1998 चा, पण तो लागू व्हायला 2004 उजाडलं.

दोन गल्लती नेहमी होतात. लक्झेंबर्गचं न्यायालय युरोपीय संघाचं आहे, त्याचा स्ट्रासबर्गशी संबंध नाही. स्ट्रासबर्गचं न्यायालय युरोप परिषदेचं असून तिचे सदस्य देश 46 आहेत, म्हणजे युरोपीय संघापेक्षा कितीतरी जास्त. आणि हेगमधल्या न्यायालयांचं काम तर पूर्ण वेगळं: तिथे देशांचे आपसातले वाद चालतात किंवा व्यक्तींवर युद्धगुन्ह्यांचे खटले. प्रादेशिक मानवी हक्क न्यायालयात प्रतिवादी असतं ते राज्य, म्हणजे देशाचं शासन, आणि त्याच्यासमोर बहुतेक वेळा त्याच राज्यातला एक साधा माणूस उभा असतो.

म्हणजे ही सर्वोच्च न्यायालयाच्या वरची अपील न्यायालयं का?

नाही. हा गैरसमज आधी डोक्यातून काढला तर पुढचं सगळं सोपं जातं. स्ट्रासबर्गचे न्यायाधीश कुणाची शिक्षा रद्द करत नाहीत, कुणाला थेट तुरुंगातून सोडत नाहीत, देशाचा कायदा पुसून टाकत नाहीत. ते एवढंच ठरवतात की या माणसाच्या बाबतीत राज्याने कराराचा भंग केला की नाही. कायदा रद्द करायचा, दुरुस्त करायचा की त्याचा अर्थ वेगळा लावायचा, हे देशाने ठरवायचं.

सान होसेचं न्यायालय जास्त ठामपणे बोलतं. खटला पुन्हा चालवा, कायदा बदला, बेपत्ता माणसाचा शोध घ्या, जाहीर माफी मागा, स्मारक उभारा, असे तपशीलवार आदेश ते देतं, आणि त्यांची अंमलबजावणी झाली का, हेही स्वतःच तपासतं. युरोपात ही देखरेख न्यायालयाकडे नसून सदस्य देशांच्या प्रतिनिधींच्या मंत्री समितीकडे आहे.

मग निकाल ‘बंधनकारक’ असतो म्हणजे काय?

युरोपीय कराराच्या कलम 46 नुसार हरलेल्या देशाने अंतिम निकाल पाळलाच पाहिजे. या पाळण्याचे तीन थर आहेत. न्यायालयाने ठरवलेली भरपाई देणं हा पहिला. त्या व्यक्तीची गाडी शक्य तितकी पूर्वपदावर आणणं हा दुसरा: खटला नव्याने चालवणं, ताब्यातल्या माणसाला सोडणं, हिरावलेलं मूल भेटवणं. तिसरा थर म्हणजे तसाच अन्याय उद्या दुसऱ्या कुणावर होऊ नये म्हणून कायदा, नियम किंवा पद्धत बदलणं.

पहिला थर बहुतेक देश निमूटपणे पार पाडतात. पैसे दिले की बातमीही थंडावते. घोडं अडतं ते तिसऱ्या थरावर. म्हणून एखाद्या देशाने ‘निकाल पाळला’ असं कुणी सांगितलं की मी एकच विचारते: पैसे दिले, की कायदा बदलला?

देशाच्या कायद्यात निकाल शिरतो तो कुठल्या दाराने?

दार प्रत्येक देशाच्या राज्यघटनेने वेगळं ठेवलंय, आणि निम्मा फरक तिथेच पडतो.

नेदरलँड्समध्ये राज्यघटनाच सांगते की सर्वांना बंधनकारक असलेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या तरतुदीशी देशाचा कायदा विसंगत असेल तर न्यायाधीशाने तो कायदा लागू करू नये. म्हणजे संसदेची वाट न पाहता कराराचं कलम थेट कोर्टात चालतं. गंमत अशी की त्याच राज्यघटनेनुसार न्यायाधीश कायदे राज्यघटनेच्या कसोटीवर तपासू शकत नाहीत. त्यामुळे तिथल्या हक्कांच्या खटल्यांत स्ट्रासबर्गचे निकालच मुख्य आधार बनले.

ब्रिटनमध्ये करारावर सही असून भागत नाही, संसदेने कायदा करावा लागतो. तो 1998 च्या मानवी हक्क कायद्याने झाला आणि 2 ऑक्टोबर 2000 पासून लागू आहे. त्यानुसार ब्रिटिश न्यायालयांनी स्ट्रासबर्गचे निकाल ‘विचारात घ्यायचे’. हा शब्द मोजून मापून वापरलेला आहे: विचारात घ्या, पण डोळे मिटून मागे जा असं त्यात नाही. संसदेचा कायदा हक्कांशी जुळवून वाचणं अशक्य असेल तर न्यायाधीश तो विसंगत असल्याचं जाहीर करतात. कायदा मात्र संसद बदलेपर्यंत जिवंतच राहतो.

जर्मनीत कराराचा दर्जा साध्या संघीय कायद्याचा. तरी तिथल्या घटना न्यायालयाने 2004 च्या ग्योर्ग्युल्यु प्रकरणात स्पष्ट केलं की स्ट्रासबर्गचा निकाल न्यायाधीशांनी आणि अधिकाऱ्यांनी गंभीरपणे विचारात घेतलाच पाहिजे. तो नुसता बाजूला सारला तर ती घटनेचीच पायमल्ली ठरू शकते. इटलीच्या घटना न्यायालयाने 2007 मध्ये दोन निकालांनी कराराला घटनेच्या खाली पण साध्या कायद्याच्या वर बसवलं.

लॅटिन अमेरिकेतल्या अनेक राज्यघटनांनी तर मानवी हक्क करारांना घटनेच्याच पंगतीला बसवलंय. अर्जेंटिनाने 1994 च्या घटनादुरुस्तीत हेच केलं. तिथे सान होसेचा निकाल उद्धृत करणारा वकील परक्या न्यायालयाचा दाखला देत नसतो, स्वतःच्या घटनेवर बोलत असतो.

निकाल एका देशाविरुद्ध लागला तर दुसऱ्याला त्याचं काय?

कागदोपत्री काही नाही. प्रत्यक्षात खूप काही. हे समजायला सालदुझ विरुद्ध तुर्की हे प्रकरण जवळून पाहण्यासारखं आहे.

2001 मध्ये इझमिर शहरात एका सतरा वर्षांच्या मुलाला बेकायदा निदर्शनात भाग घेतल्याच्या संशयावरून पकडलं. पोलीस चौकशीत त्याच्याजवळ वकील नव्हता, कारण राज्य सुरक्षा न्यायालयाच्या अखत्यारीतल्या गुन्ह्यांत त्या टप्प्यावर वकील मिळतच नसे. त्याने कबुली दिली, नंतर ती दबावाखाली दिल्याचं सांगितलं, पण शिक्षा झाली. 27 नोव्हेंबर 2008 रोजी स्ट्रासबर्गच्या सतरा न्यायाधीशांच्या ग्रँड चेंबरने एकमताने सांगितलं: पोलिसांच्या पहिल्या चौकशीपासून वकील मिळणं हा नियम आहे. वकिलाविना घेतलेल्या कबुलीवर शिक्षा उभी केली तर बचावाच्या हक्काला न भरून येणारी हानी होते. भरपाई होती 2,000 युरो. तुर्कीने तोवर तो नियम बदललेलाही होता.

म्हणजे खटला खरं तर संपला होता. पण दूर स्कॉटलंडमध्ये तेव्हा पोलीस संशयिताला सहा तास वकिलाविना ताब्यात ठेवून चौकशी करू शकत होते, आणि ही पद्धत कित्येक वर्षं बिनबोभाट चालू होती. 2009 मध्ये तिथल्या वरिष्ठ फौजदारी न्यायालयाने सात न्यायाधीश बसवून ठरवलं की आमच्याकडे इतर संरक्षणं पुरेशी आहेत, सालदुझने आमचं काही बिघडत नाही. 26 ऑक्टोबर 2010 रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅडर प्रकरणात हे मत एकमताने खोडून काढलं. स्कॉटिश संसदेने दुसऱ्याच दिवशी, 27 ऑक्टोबरला, तातडीचा कायदा मंजूर केला आणि संशयिताला चौकशीआधी वकिलाशी बोलण्याचा हक्क मिळाला. त्याच कायद्याने ताब्यात ठेवण्याची मुदत सहा तासांवरून बारावर नेली, हेही सांगायला हवं. हक्क देताना राज्य दुसऱ्या हाताने काय काढून घेतं, तिकडे लक्ष ठेवावंच लागतं.

फ्रान्समध्येही तेच वारं पोचलं. संसदेने 14 एप्रिल 2011 रोजी पोलीस कोठडीचा नवा कायदा केला आणि तो 1 जूनपासून लागू व्हायचा होता. पण 15 एप्रिलला तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने सांगितलं की करारातल्या देशांनी स्ट्रासबर्गचे निकाल पाळायचे असतात, स्वतःवर खटला होण्याची किंवा स्वतःचा कायदा बदलण्याची वाट पाहायची नसते. नवा नियम तत्काळ लागू झाला. बेल्जियमने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जो कायदा केला त्याला तिथे सर्रास ‘सालदुझ कायदा’ म्हणतात.

इझमिरच्या एका कोठडीतून निघालेला प्रश्न तीन वर्षांत एवढ्या देशांच्या पोलीस ठाण्यांत पोचला. कुठल्याही मंत्री समितीने त्यांना भाग पाडलं नव्हतं. हे काम केलं त्या त्या देशातल्या वकिलांनी आणि न्यायाधीशांनी. माझ्या मते या न्यायालयांची खरी ताकद ही आहे: त्यांचा निकाल घरच्या न्यायाधीशाच्या हातात एक तयार युक्तिवाद ठेवतो.

‘करारसंगतता तपासणी’ हा शब्द लॅटिन अमेरिकेच्या संदर्भात सारखा येतो. तो काय प्रकार?

देशातल्या प्रत्येक न्यायाधीशाने आपल्यासमोरचा कायदा अमेरिकी मानवी हक्क करारात बसतो का ते तपासायचं, आणि ते करताना सान होसेच्या न्यायालयाने कराराचा लावलेला अर्थ धरून चालायचं, अशी ही शिकवण. 2006 मध्ये चिलीविरुद्धच्या अल्मोनासिद अरेयानो प्रकरणात ती शब्दांत मांडली गेली. पण तिची मुळं पाच वर्षं मागे, पेरूमध्ये आहेत.

3 नोव्हेंबर 1991 च्या रात्री लिमा शहराच्या बार्रिओस आल्तोस भागात एका घरगुती समारंभात लष्कराशी संबंधित मृत्युपथक घुसलं आणि त्याने 15 जणांना ठार मारलं. तपास पुढे सरकू लागला तेव्हा 1995 मध्ये राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांच्या सरकारच्या काळात माफीचे दोन कायदे झाले आणि सगळ्यांना अभय मिळालं. 14 मार्च 2001 रोजी आंतर-अमेरिकी न्यायालयाने निकाल दिला की गंभीर हक्कभंगाचा तपास आणि शिक्षा रोखणारे असे माफीचे कायदे करारात बसतच नाहीत, म्हणून त्यांना कायदेशीर परिणामच नाही. पेरूत बंद फाइली उघडल्या. 2007 मध्ये फुजिमोरी यांना चिलीतून पेरूला आणलं गेलं आणि एप्रिल 2009 मध्ये, या हत्याकांडासह इतर गुन्ह्यांसाठी, माजी राष्ट्राध्यक्षांना 25 वर्षांची शिक्षा झाली.

निकाल पेरूविरुद्ध होता, पण जून 2005 मध्ये अर्जेंटिनाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याच आधारे आपल्या देशातले लष्करी राजवटीतल्या गुन्हेगारांना वाचवणारे कायदे घटनाबाह्य ठरवले. त्यानंतर तिथे पुन्हा खटले उभे राहिले. त्या राजवटीत बेपत्ता झालेली आपली मुलं कुठे गेली हे विचारत दशकानुदशकं चौकात उभ्या राहिलेल्या आयांसाठी याचा अर्थ काय असेल, ते कायद्याच्या भाषेत मांडता येत नाही.

मेक्सिकोची कथा वेगळ्या वळणाची. 1974 मध्ये गेरेरो राज्यात लष्करी नाक्यावर अडवलेला एक माणूस कायमचा बेपत्ता झाला. राडिया पाचेको प्रकरणात 2009 मध्ये न्यायालयाने म्हटलं की सैनिकांनी नागरिकांवर केलेल्या हक्कभंगांचे खटले लष्करी न्यायालयात चालवू नका. जून 2011 मध्ये मेक्सिकोने राज्यघटनेचं पहिलंच कलम बदलून मानवी हक्क करारांना घटनेत स्थान दिलं. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जाहीर केलं की ही तपासणी देशातल्या सर्व न्यायाधीशांचं कर्तव्य आहे. नागरिकांवरचे असे गुन्हे 2014 मध्ये लष्करी न्यायसंहितेच्या कक्षेतून बाहेर पडले.

चांगल्या कथेलाही उलटं वळण लागतं, तेही सांगते. डिसेंबर 2023 मध्ये आंतर-अमेरिकी न्यायालयाचा विरोध असतानाही पेरूने फुजिमोरी यांना माफीच्या आधारे सोडलं.

राज्यघटनाच आड आली तर?

तर तीही बदलावी लागू शकते. चिलीत एका चित्रपटावर बंदी होती आणि तिचा आधार होता घटनेतलीच पूर्वपरीक्षणाची तरतूद. फेब्रुवारी 2001 मध्ये सान होसेने सांगितलं की घटनेतली तरतूद हीसुद्धा राज्याचीच कृती आहे आणि ती कराराचा भंग करते. त्याच वर्षी चिलीने घटनादुरुस्ती करून चित्रपटांवरची ही सेन्सॉरशिप काढली.

कायदा बदलायला किती वेळ लागतो?

स्कॉटलंडला एक दिवस लागला, तोही घरच्या सर्वोच्च न्यायालयाने कान टोचल्यावर. विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलांना दुय्यम ठरवणारा कायदा चुकीचा, असं मार्क्स प्रकरणात 1979 मध्ये बेल्जियमला सांगितलं गेलं. नवा कायदा 1987 मध्ये आला. मधल्या काळात मरण पावलेल्या आजोबांच्या वारशावरून आणखी एक खटला स्ट्रासबर्गला गेला आणि 1991 मध्ये बेल्जियम पुन्हा हरला.

समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कायद्यांबाबत हाच उशीर स्पष्ट दिसतो. उत्तर आयर्लंडविषयीचा डजन प्रकरणाचा निकाल ऑक्टोबर 1981 चा, तिथला कायदा 1982 मध्ये बदलला. शेजारच्या आयर्लंडमध्ये अक्षरशः तसाच कायदा होता, तरी तिथल्या माणसाला स्वतंत्र खटला लढावा लागला. नॉरिस निकाल 1988 मध्ये लागला आणि कायदा 1993 मध्ये गेला. डजनचा बोध आयर्लंडने पहिल्याच वर्षी घेतला असता तर अकरा वर्षं माणसं गुन्हेगार म्हणून जगली नसती.

एका माणसाच्या खटल्यातून हजारोंचा प्रश्न सुटतो का?

त्यासाठी ‘पथदर्शी निकाल’ ही पद्धत निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर सीमा सरकल्या आणि बुग नदीपलीकडची घरंदारं सोडून पोलंडमध्ये आलेल्या लोकांना भरपाईचं आश्वासन मिळालं, पण ती कधी पुरती मिळाली नाही. जवळपास 80,000 लोकांचा हा प्रश्न होता. 2004 मध्ये ब्रोनिओव्स्की प्रकरणात न्यायालयाने प्रत्येकाचा अर्ज वेगळा ऐकण्याऐवजी मूळ दोषावर बोट ठेवलं आणि पोलंडला देशांतर्गत योजना करायला सांगितलं. 2005 मध्ये मालमत्तेच्या मूल्याच्या 20 टक्क्यांपर्यंत भरपाई देणारा कायदा झाला. वीस टक्के म्हणजे पूर्ण न्याय नव्हे, पण साठ वर्षांच्या टोलवाटोलवीनंतर लोकांच्या हाती काहीतरी पडलं.

इटलीतल्या तुरुंगांबाबत 2013 च्या तोरेज्जानी निकालाने हेच केलं. माणशी तीन चौरस मीटरपेक्षाही कमी जागेत कैदी राहत होते. इटलीने त्यानंतर शिक्षेचे पर्याय वाढवले आणि अशा कैद्यांना देशातच दाद मागण्याची सोय केली.

देशाने निकाल मानलाच नाही तर?

पोलीस पाठवता येत नाहीत. राजकीय दबाव, वारंवार हजेरी, जाहीर नामुष्की आणि शेवटी हकालपट्टी, एवढीच साधनं आहेत.

युरोपात मंत्री समिती वर्षानुवर्षं फाइल उघडी ठेवते. फारच हट्ट दिसला तर प्रकरण पुन्हा न्यायालयाकडे पाठवून ‘निकाल पाळला नाही’ असा दुसरा निकाल मागता येतो. हे हत्यार पहिल्यांदा अझरबैजानच्या विरोधी पक्षनेत्याच्या, मामादोव्ह यांच्या प्रकरणात वापरलं गेलं. 2014 च्या निकालानंतर ते 2018 मध्ये सुटले आणि 2020 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. दुसऱ्यांदा ते तुर्कीतले उद्योजक आणि सामाजिक कार्यकर्ते उस्मान कावाला यांच्यासाठी वापरलं. डिसेंबर 2019 मध्ये न्यायालयाने त्यांना तात्काळ सोडायला सांगितलं होतं. एप्रिल 2022 मध्ये त्यांना जन्मठेप झाली, आणि जुलै 2022 मध्ये ग्रँड चेंबरने तुर्कीने आपलं कर्तव्य मोडल्याचं जाहीर केलं. एकच साधन, दोन अगदी उलटे परिणाम.

ब्रिटनने कैद्यांवरची सरसकट मतदानबंदी चुकीची ठरवणारा 2005 चा हर्स्ट निकाल बारा वर्षं लांबवला. 2011 मध्ये तिथल्या कनिष्ठ सभागृहाने 234 विरुद्ध 22 मतांनी सरसकट बंदी कायम ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. शेवटी कायद्याला हात न लावता तात्पुरत्या सुटकेवर असलेल्या थोड्या कैद्यांपुरता प्रशासकीय बदल झाला आणि 2018 मध्ये फाइल बंद झाली. मला ही तडजोड तोकडी वाटते.

सर्वांत जास्त खटकतं ते बोस्नियाचं प्रकरण. तिथल्या त्रिसदस्यीय राष्ट्राध्यक्षपदासाठी फक्त बोस्नियाक, क्रोएट आणि सर्ब उभे राहू शकतात. एका रोमा आणि एका ज्यू नागरिकाने आव्हान दिलं आणि डिसेंबर 2009 मध्ये ते जिंकले. त्यानंतर 2010, 2014, 2018 आणि 2022 च्या निवडणुका त्याच नियमाने झाल्या. युद्ध थांबवणाऱ्या शांतता करारातच ही विभागणी शिवलेली आहे, त्यामुळे ती उसवायला कुणी धजत नाही.

रशियाने वेगळी वाट धरली. 2015 मध्ये कायदा करून स्ट्रासबर्गचा निकाल अमलात आणता येईल की नाही हे ठरवण्याचा अधिकार स्वतःच्या घटना न्यायालयाला दिला. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर मार्च 2022 मध्ये रशिया युरोप परिषदेबाहेर गेला आणि 16 सप्टेंबर 2022 पासून करारातूनही. तोवरच्या अर्जदारांचे निकाल लागत राहिले, पण पैसे देणारं कुणी उरलं नाही.

देशाची न्यायालयं विरोध करतात, तो नेहमी हटवादीपणाच असतो का?

मुळीच नाही. काही वेळा त्यातून दोन्ही बाजू शिकतात. साक्षीदार कोर्टात आलाच नाही आणि शिक्षा मुख्यतः त्याच्या लेखी जबाबावर झाली, तर खटला आपोआप अन्याय्य ठरतो का? स्ट्रासबर्गने आधी जवळपास ‘हो’ म्हटलं होतं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये हॉर्नकासल प्रकरणात सविस्तर कारणं देऊन असहमती नोंदवली. 2011 मध्ये ग्रँड चेंबरने ती कारणं वाचली आणि आपला नियम सैल केला.

अर्जेंटिनाचं 2017 चं उदाहरण मात्र मला चिंतेचं वाटतं. ज्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये बार्रिओस आल्तोसच्या खांद्यावर उभं राहून इतिहास घडवला, त्यानेच फोन्तेवेक्किया प्रकरणात म्हटलं की आमचा अंतिम निकाल रद्द करायला सान होसे आम्हाला सांगू शकत नाही.

परक्या, निवडून न आलेल्या न्यायाधीशांनी आपले कायदे का ठरवावेत?

आक्षेप गंभीर आहे आणि हसण्यावारी नेण्यासारखा नाही. स्ट्रासबर्गमध्ये प्रत्येक सदस्य देशाचा एक न्यायाधीश असतो. देशाने दिलेल्या तीन नावांतून युरोप परिषदेची संसदीय सभा, म्हणजे सदस्य देशांच्या खासदारांची सभा, त्याला निवडते, एकदाच, नऊ वर्षांसाठी. ज्या देशावर खटला आहे त्याचा न्यायाधीश सात किंवा सतरा जणांच्या पीठावर बसतोच. शिवाय जिथे देशांमध्ये एकमत नाही अशा धर्म, नीती, कुटुंब यांच्या प्रश्नांत न्यायालय देशांना बरीच मोकळीक देतं. ही मोकळीक 2021 मध्ये कराराच्या प्रस्तावनेतही लिहिली गेली.

पण मुद्द्याचं उत्तर हे: या न्यायालयांपर्यंत पोचणारे बहुतेक लोक कैदी, निर्वासित, अल्पसंख्य, बेपत्तांचे नातेवाईक असतात. बहुमताच्या जोरावर कायदा बदलून घेण्याची ताकद त्यांच्याकडे कधीच नसते. आणि करारावर सही देशानेच, स्वतःच्या संसदेच्या संमतीने केलेली असते.

आफ्रिकेतल्या न्यायालयाचा प्रभाव किती?

चांगली सुरुवात आणि मग मोठी माघार. बुर्किना फासोत एका पत्रकाराला सरकारी वकिलाविषयीच्या लेखांबद्दल बारा महिन्यांची कैद झाली आणि साप्ताहिक सहा महिने बंद ठेवलं गेलं. डिसेंबर 2014 मध्ये अरुशाच्या न्यायालयाने बदनामीसाठी तुरुंगवास ही शिक्षाच प्रमाणाबाहेर असल्याचं सांगितलं. पुढच्या वर्षी देशाने कायद्यातून ती काढली. पण टांझानियात अपक्ष उमेदवारांना बंदी घालणारा नियम 2013 मध्ये हरूनही 2015 आणि 2020 च्या निवडणुकांत तसाच होता.

माघारीचं कारण एका तरतुदीत आहे. व्यक्ती किंवा संस्था थेट अर्ज करू शकते ती देशाने तसं वेगळं घोषणापत्र दिलं असेल तरच. रवांडाने ते 2016 मध्ये मागे घेतलं, न्यायालयाच्या यजमान टांझानियाने 2019 मध्ये, बेनिन आणि कोत दिव्हुआर (आयव्हरी कोस्ट) यांनी 2020 मध्ये. निकाल नको असेल तर दार बंद करायचं, असा हा सोपा मार्ग झाला आहे.

केनियाच्या माऊ जंगलातले ओगिएक लोक 2017 मध्ये जिंकले. जंगल राखायच्या नावाखाली त्यांना हुसकावणं बेकायदा ठरलं. 2022 मध्ये 15 कोटी 78 लाख 50 हजार केनियन शिलिंग भरपाई आणि जमिनीच्या सामूहिक मालकीचा आदेश झाला. नोव्हेंबर 2023 मध्ये त्याच जंगलात पुन्हा त्यांची घरं पाडली गेली.

सामान्य माणूस थेट जाऊ शकतो का?

युरोपात हो. आधी देशातली सगळी न्यायालयं संपवावी लागतात आणि शेवटच्या निकालापासून चार महिन्यांत अर्ज करावा लागतो (2022 पर्यंत ही मुदत सहा महिने होती). अमेरिका खंडात आधी वॉशिंग्टनमधल्या आंतर-अमेरिकी आयोगाकडे जावं लागतं. प्रकरण न्यायालयात आयोग किंवा देश नेतो.

जिथे असं न्यायालयच नाही तिथे या निकालांचा उपयोग?

आशियात ते नाही. अरब न्यायालयाचा मसुदा 2014 मध्ये मंजूर झाला, पण न्यायालय उभं राहिलेलं नाही. तरी निकाल वाचले जातात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये आणि भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये समलैंगिक संबंधांना गुन्ह्याच्या यादीतून काढताना डजन निकालाची दखल घेतली. तो त्यांच्यावर बंधनकारक नव्हता.

एखाद्या निकालाचा खरोखर परिणाम झाला का, हे कसं तपासावं?

निकालाच्या बातमीवर थांबू नका. युरोपातल्या निकालासाठी मंत्री समितीच्या अंमलबजावणी विभागाची नोंद उघडा. तिथे प्रत्येक प्रकरणात सरकारने सादर केलेला कृती आराखडा आणि फाइल उघडी की बंद, हे दिसतं. आंतर-अमेरिकी न्यायालयाचे देखरेखीचे आदेश बहुधा स्पॅनिशमध्ये असतात, पण त्यांत प्रत्येक आदेशासमोर ‘पूर्ण’, ‘अंशतः’ किंवा ‘बाकी’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

मग त्या देशाचा आताचा कायदा वाचा, आणि शेवटी खालच्या न्यायालयातले दोन-चार ताजे निकाल. कायदा बदलूनही तालुक्याच्या पातळीवरचा न्यायाधीश जुन्याच पद्धतीने कबुल्या स्वीकारत असेल, तर ते तिथेच कळतं. उलट कायदा जुनाच असून न्यायाधीश त्याचा अर्थ करारानुसार लावत असेल, तर तेही तिथेच सापडतं, सरकारच्या अहवालात नाही.